१/१००० मापाचं अंतराळयान ब्रशने रंगवताना रेघा उठतात आणि खाचा बुजतात: काय चुकतंय?

खिडकीतला_दिवा

नमस्कार मंडळी. किट (जोडून बनवायचं प्लॅस्टिकचं मॉडेल) १/१००० मापाचं आहे, यानाची लांबी साधारण १२ सेंटिमीटर. भाग दाबून बसवायचे, गोंद लागत नाही. प्लॅस्टिक फिकट करडं. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं साधन) नाही आणि घ्यायचाही नाही, सगळं ब्रशनेच करायचं आहे. रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक, १७ मिलिलिटरच्या थेंब पाडायच्या बाटल्यांतले. ब्रश सिंथेटिक, शून्य आणि तीन शून्य नंबरचे.

भाग कापून, कापल्याच्या खुणा घासून थेट रंग लावला आहे, प्रायमर (रंगाखालचं अस्तर) नाही. वरच्या कवचावर पांढऱ्याचे दोन हात झाले, रंग बाटलीतून आला तसाच. आता उजेडात तिरपं धरलं की ब्रशच्या रेघा दिसतात. पॅनेलच्या खाचा (कवचाच्या तुकड्यांमधल्या कोरीव रेषा) जागोजागी बुजल्यात. तरीही कडांवर खालचं करडं प्लॅस्टिक डोकावतंच. बाजूचा लाल पट्टा मास्किंग टेप लावून मारला, तर टेपखालून रंग आत शिरून कड दातेरी झाली.

प्रश्न असे: हे सगळं काढून टाकावं की यावरच सावरता येईल? पांढरा एकसारखा कसा बसवायचा? आणि खिडक्या हाताने काढायच्या झाल्या तर केवढ्या?

---

राखाडी_थर

काढून टाका. खाच एकदा रंगाने भरली की वर काहीही केलं तरी ती परत येत नाही. सुईने कोरायला गेलात तर कड तुटून आणखी वाईट दिसेल.

आधी यान पूर्ण सुटं करा. हे महत्त्वाचं अशासाठी की दाबून बसवलेल्या भागांवर सतत ताण असतो आणि ताणाखालच्या प्लॅस्टिकला अल्कोहोल लागलं तर तडा जाऊ शकतो. पारदर्शक भाग बाजूला ठेवा, ते यात बुडवू नका. बाकीचे भाग झाकणाच्या डब्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवा. रंग फुगून सुटायला लागला की मऊ टूथब्रशने खाचेच्या दिशेने घासा. राहिलाच तर पुन्हा पाच मिनिटं. रात्रभर बुडवून ठेवायची गरज नाही. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा लॅकर थिनर मात्र चुकूनही वापरू नका. ॲसिटोनने पॉलिस्टायरीन विरघळतं, भाग हातातच चिकट होतो.

मग भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून कोमट पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळू द्या. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश नव्या किटवरही असू शकतो, शिवाय बोटांचं तेल असतंच. रंग एखाद्या ठिकाणाहून सरकून गोळा होत असेल तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

आता मूळ दुखण्याकडे. तुमच्या तिन्ही तक्रारींचं कारण एकच आहे: थर जाड आहे. इतक्या लहान मापात पॅनेलची खाच केसाएवढी असते, त्यामुळे रंगाच्या जाडीला इथे जागाच नाही. जहाज किती मोठं वाटणार हे रंग किती पातळ बसलाय त्यावर ठरतं. म्हणून एकसारखेपणाची जबाबदारी प्रायमरवर टाका आणि ब्रशकडे फक्त छटा ठेवा.

प्रायमर स्प्रेच्या डब्यातला चालेल, त्याला एअरब्रश लागत नाही. १२०० किंवा १५०० आकड्याचा बारीक सरफेसर प्रकारचा प्रायमर घ्या. आकडा मोठा तितका कण बारीक. डबा दोन मिनिटं हलवा, अंतर २० ते २५ सेंटिमीटर ठेवा. फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. दोन-तीन हलके हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. पहिल्या हातानंतर प्लॅस्टिक ठिपक्याठिपक्यांनी दिसलं पाहिजे. पहिल्याच फटक्यात सगळं झाकलं गेलं असेल तर जास्त झालं म्हणून समजा. हवा फार दमट असेल त्या दिवशी थांबा, पृष्ठभागावर पांढुरकी धूसर छटा येते.

प्रायमरचा रंग फिकट करडा घ्या. पांढरा प्रायमरही मिळतो, पण त्यावर पांढरा रंग लावताना कुठे लागला आणि कुठे राहिला हेच डोळ्याला कळत नाही.

यानाला पकड करून घ्या. स्टँडसाठी पोटाला भोक असतंच, त्यात बसेल अशी लाकडी काडी किंवा पितळी तार घट्ट बसवा आणि दुसरं टोक बाटलीच्या बुचात खोचा. शेवटच्या वॉर्निशपर्यंत बोट कवचाला लागता कामा नये.

पांढऱ्याबद्दल. शुद्ध पांढरा घेऊच नका. या मापात तो खडूसारखा दिसतो आणि पुढे उजळ दाखवायला काही शिल्लक राहत नाही. मळकट पांढरा घ्या, किंवा पांढऱ्याच्या दहा थेंबांत फिकट करड्याचा एक-दीड थेंब टाका. थोडा करडा पडला की झाकण्याची ताकदही वाढते. बाटली मिनिटभर नीट हलवा. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड जड असतं, तळाशी बसतं, आणि न हलवता काढलेला पहिला थेंब निव्वळ माध्यमाचा येतो.

पातळ किती करायचा? सुरुवातीला दोन थेंब रंग, एक थेंब पाणी. पांढऱ्यासाठी एकास एकपर्यंत जा, पण मग निम्मं पाणी आणि निम्मं ग्लेझ मीडियम (रंग पातळ करायचं पारदर्शक माध्यम) घ्या. नुसतं पाणी वाढवत गेलं की रंगाला धरून ठेवणारा घटक विरळ होतो आणि रंग वाळताना कडेला गोळा होऊन गोल डाग सोडतो. परीक्षा अंगठ्याच्या नखावर करा. रेघ ओढल्यावर ती जागच्या जागी राहिली, नखाचा रंग जरासा दिसला आणि रेघेच्या कडा पसरल्या नाहीत, तर रंग तयार. नखाच्या कडेच्या खोबणीत धावला तर पाणी जास्त झालं. ब्रशच्या केसांचे ओरखडे रेघेत तसेच राहिले तर अजून जाड आहे.

लावायची पद्धत: ब्रशचा पुढचा एक तृतीयांश भागच रंगात बुडवा. केसांच्या मुळाशी, पत्र्याच्या नळीपर्यंत रंग गेला की टोक फाटतं आणि ब्रश कायमचा बिघडतो. मग टिश्यूला एका बाजूने टेकवून जादा ओल काढा. एका पॅनेलवर दोन किंवा तीन फटकारे, बस. ओल्या रंगावरून परत जाऊ नका. ॲक्रिलिक अर्ध्या मिनिटात साय धरायला लागतं आणि त्या सायीवरून ब्रश फिरला की ती फाटून रेघ उठते. तुमच्या रेघांपैकी बऱ्याच रेघा अशा 'जरा नीट करू' म्हणून परत फिरवलेल्या ब्रशच्या असणार.

आणि काम नेहमी पॅनेलच्या खाचेवर थांबवा, पॅनेलच्या मध्ये नाही. दोन वेळच्या रंगाचा सांधा खाचेत पडला की तो दिसतच नाही. किटवर निसर्गतःच इतक्या रेघा आहेत, त्यांचा फायदा घ्या.

पहिला हात लांबीच्या दिशेने, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा लांबीच्या दिशेने. मध्ये वीस ते तीस मिनिटं. पहिला हात वाळल्यावर फार भकास दिसेल, ठिगळं-ठिगळं. तिथेच घाबरून माणूस जाड रंग घेतो. थांबा. तिसऱ्या हाताला ते मिटतं, क्वचित चौथा लागतो.

---

दोन_नंबर

वरच्याशी सहमत, फक्त ब्रशच्या निवडीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

तीन शून्याचा ब्रश बाजूला ठेवा. बारीक कामाला बारीक ब्रश हा समज फार पसरलाय, पण बारीकपणा टोकात असतो, जाडीत नाही. तीन शून्याच्या पोटात रंगच मावत नाही. पॅलेटपासून यानापर्यंत येईतो टोक वाळतं, मग अर्धवट वाळलेला रंग ओढला जातो. चांगलं टोक येणारा एक किंवा दोन नंबरचा गोल ब्रश घ्या. कोलिन्स्की सेबलचा (नैसर्गिक केसांचा) असेल तर उत्तम. कवचाच्या सपाट भागांना चार-पाच मिलिमीटर रुंदीचा मऊ चपटा सिंथेटिक ब्रश बरा, कमी फटकाऱ्यांत पॅनेल संपतं. धातूच्या चमकीच्या रंगांना वेगळा ब्रश आणि वेगळं पाणी ठेवा. त्यातले चमकीचे कण पाण्यात उरतात आणि पुढच्या पांढऱ्यात चकाकतात.

ओली पॅलेट करा, पाच मिनिटांचं काम आहे. उथळ डबा, त्यात ओला स्पंज, वर बेकिंगचा कागद. कागदाखाली बुडबुडा राहू देऊ नका. पाणी स्पंजच्या वर तरंगता कामा नये, नाहीतर रंग आपोआप पातळ होत जातो. मिसळलेली छटा यात तासन्‌तास टिकते, आणि यानाच्या दोन बाजूंना नेमकी तीच छटा लागते तेव्हा त्याचं मोल कळतं. पंखा बंद ठेवा.

रंग फारच पटकन वाळत असेल तर रिटार्डर. दहा थेंबांना एक, त्याहून जास्त नको. जास्त झाला की थर चिकट राहतो आणि पुढच्या हाताबरोबर उचलला जातो.

---

सुटे_भाग

प्रश्नकर्त्यांचे रंग थेंबाच्या बाटलीतले आहेत म्हणून वरचं सगळं लागू पडतं. पण हा धागा वाचून कोणी तामियाच्या काचेच्या बाटलीतल्या ॲक्रिलिकला पाणी घालून ब्रशने लावायला बसेल, म्हणून सांगणं भाग आहे. त्या रंगाचा स्वभाव वेगळा. त्यातल्या विद्रावकात अल्कोहोल असतं, त्यामुळे दुसरा हात पहिल्याला पुन्हा विरघळवतो आणि दोन्ही थर एकत्र ओढले जातात. तो ब्रशने लावायचाच असेल तर त्याच कंपनीचं थिनर आणि रिटार्डर, एकाच दिशेने एकेक फटकारा, आणि दोन हातांमध्ये अर्धा तास नाही तर कित्येक तास. मोठ्या कवचाला तो ब्रशने लावूच नये असं माझं मत. लहान सुट्या भागांना ठीक.

व्हॅलेहोच्या मॉडेल कलरसारखे रंग ब्रशसाठीच बनवलेले आहेत. त्यांची उणीव दुसरीकडे: वाळलेला थर नखाने खरवडला जाण्याइतका नाजूक असतो. म्हणून खाली प्रायमर हवाच, आणि टेप लावण्याआधी पूर्ण एक दिवस थांबा. हाताला कोरडा लागणं वेगळं आणि आतून घट्ट होणं वेगळं.

आता लाल पट्टा. रंग आत शिरला कारण टेपची कड खाचांवरून जाते आणि प्रत्येक खाच म्हणजे टेपखालचा एक छोटा बोगदा. टेप कितीही दाबा, बोगदा बुजत नाही. उपाय असा: टेप आधी काचेवर चिकटवून धारदार ब्लेडने कड नव्याने कापून घ्या, कारण गुंडाळीच्या कडेला धूळ आणि ठेचलेली धार असते. यानावर लावून टूथपिकच्या बोथट टोकाने कड दाबा, विशेषतः खाचेत उतरेल अशी. मग टेपच्या कडेवरून आधी कवचाचाच मळकट पांढरा पातळसा फिरवा. जो काही रंग आत शिरायचा तो हाच शिरेल, बोगदा बंद होईल, आणि शिरलेला रंग कवचात मिसळून जाईल. तो वाळला की लाल.

लालला झाकण्याची ताकद कमी. पांढऱ्यावर थेट लाल मारलात तर पाच-सहा हात लागतील आणि पट्ट्याची कड उंचवट्यासारखी उभी राहील. आधी पट्ट्याच्या जागी एक हात फिकट तपकिरी किंवा मळकट गुलाबी, मग लालचे दोन हात पुरतात. पिवळ्यालाही हेच, त्याच्याखाली हस्तिदंती रंग. ब्रश टेपकडून पट्ट्याच्या आत ओढा, टेपकडे ढकलू नका. शेवटचा हात दिला की दहा-पंधरा मिनिटांत टेप काढा, स्वतःवरच दुमडत, सावकाश, अगदी लहान कोनात. रंग पूर्ण कडक झाल्यावर काढली तर कडेचा पापुद्रा टेपबरोबर निघतो.

इतकं करूनही एखाद्या ठिकाणी दात राहिलाच तर लाल खरवडू नका. कवचाच्या रंगाने बाहेरून कड परत आखा. बहुतेक सरळ पट्टे अशा दुरुस्तीनेच सरळ दिसतात.

---

खिडकीतला_दिवा

खूप धन्यवाद सगळ्यांना. भाग सुटे करून अल्कोहोलमध्ये टाकले आहेत, रंग सुटतोय. खिडक्यांचं आणि पुढच्या मळवण्याचं कोणी सांगेल का? खाचांत भरायला एनॅमलचा तयार वॉश (अगदी पातळ गडद रंग) आहे, तो कधी लावायचा?

---

मापात_माप

खिडकीचं माप भागाकारानेच ठरतं, डोळ्याने नाही. १/१००० मध्ये १ मिलिमीटर म्हणजे १ मीटर. जहाजाचा एक मजला ३ मीटरचा धरला तर खिडक्यांच्या दोन ओळींत ३ मिलिमीटर अंतर, आणि अर्ध्या मीटरची खिडकी म्हणजे ०.५ मिलिमीटरचा ठिपका. हाच हिशेब १/२५०० ला मजल्यासाठी १.२ मिलिमीटर आणि खिडकीसाठी ०.२ वर येतो. तिथे ब्रश बाजूला ठेवून डेकलच (पाण्यात भिजवून चिकटवायचं तयार चित्र) वापरावं. तुमचं यान १२ सेंटिमीटर, म्हणजे १२० मीटर लांब. त्यावर १ मिलिमीटरचे ठिपके दिलेत तर प्रत्येक खिडकी दुकानाच्या दर्शनी काचेएवढी होते आणि सगळं जहाज खेळण्यातल्या होडीसारखं दिसतं. लहान मापातली बहुसंख्य यानं इथेच फसतात.

ठिपका ब्रशने देऊ नका. टूथपिकचं टोक बारीक पॉलिश पेपरवर फिरवून सुईसारखं करा, किंवा मेणबत्तीवर तापवून ताणलेल्या किटच्या सांगाड्याची (भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिची) तार घ्या. तारेचं टोक ब्लेडने सपाट कापलं की प्रत्येक वेळी एकाच मापाचा ठिपका पडतो. रंग थोडा कमी पातळ ठेवा, टोक फक्त टेकवा आणि सरळ वर उचला. पहिले दोन ठिपके कागदावर द्या, ते नेहमी मोठे पडतात.

ओळ सरळ यावी म्हणून २ मिलिमीटर रुंदीच्या टेपची पट्टी लावून तिच्या कडेने चाला. सगळ्या खिडक्या उजळ करू नका. तीनांतली एक उजळ, बाकी गडद करड्या. गडद खिडक्यांना ०.०५ चं ड्रॉइंग पेन सोपं पडतं, मात्र पिग्मेंट शाईचं. अल्कोहोलवर चालणाऱ्या मार्करची शाई वॉर्निश लागलं की पसरते. उजळ खिडक्या हस्तिदंती, अधूनमधून एखादी निळसर. दोन-तीन उजळ खिडक्या शेजारी, मग मोठी अंधारी जागा, असं ठेवलं की आत कोणी राहतंय असं वाटतं. समान अंतरावर एकाआड एक दिलेल्या उजळ खिडक्या रोषणाईच्या माळेसारख्या दिसतात.

पॅनेलच्या छटांचंही इथेच सांगतो. सगळं कवच एका छटेत संपवू नका. मूळ रंगाच्या दहा थेंबांत एक थेंब करडा, दुसऱ्या वाटीत एक थेंब निळसर करडा, तिसरीत एक थेंब फिकट बदामी. पाच-सहा पॅनेलांमागे एकाला यातली कोणतीतरी छटा द्या, दोन सारखी पॅनेलं शेजारी येऊ देऊ नका. फरक हातभर अंतरावरून जेमतेम जाणवला पाहिजे. चटकन दिसला तर तो गोधडीसारखा वाटेल. आणखी एक उपाय मला फार आवडतो: रंग न बदलता मॅट कवचावर काही पॅनेलांना ब्रशने सॅटिन (मंद चकाकीचं) वॉर्निश द्या. सरळ पाहिलं तर काहीच दिसत नाही, यान वळवलं की उजेड त्या पॅनेलांवरून सरकतो. मात्र हे अगदी शेवटी, कारण वर सरसकट मॅट वॉर्निश बसलं की सगळं पुसलं जातं.

---

राखाडी_थर

एनॅमल वॉशबद्दल घाई करू नका, कारण किट दाबून बसणारं आहे. वॉशमधलं विद्रावक सांध्यातून आत उतरतं, उघड्या प्लॅस्टिकपर्यंत पोचतं, आणि जिथे खुंटी भोकात ताणून बसलीय तिथे प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकतं. एबीएस प्लॅस्टिकचे भाग तर जास्तच. लगेच दिसत नाही, तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी पंख हातात येतो. म्हणून शक्य ते भाग जोडण्याआधीच वॉश करा. जोडलेले असतील तर सांध्यांवर आधी वॉर्निश द्या आणि वॉश टिपून टिपून, थोडाच लावा. खुंट्या फार घट्ट बसत असतील तर जोडण्याआधी त्यांची टोकं जराशी कापून किंवा भोक किंचित मोठं करून ताण काढता येतो, मग थेंबभर गोंद लावायचा.

क्रम असा ठेवा. रंग पूर्ण झाला की एक दिवस थांबून तकतकीत ॲक्रिलिक वॉर्निशचे दोन पातळ हात. मग डेकल. मग पुन्हा एक तकतकीत हात. मग वॉश. शेवटी मॅट.

तकतकीत थर मध्ये का, तर मॅट पृष्ठभाग शाईच्या टिपकागदासारखा असतो. वॉश खाचेतून धावण्याऐवजी जिथे टेकवला तिथेच पसरून डाग पाडतो. डेकलचंही तसंच. मॅट पृष्ठभागाच्या खडबडीत हवा अडकते आणि वाळल्यावर डेकलखाली चंदेरी धूसर डाग दिसतो. तसं झालंच तर त्या जागी बारीक सुईने दोन-तीन टोचे मारून मायक्रो सोलसारखं डेकल मऊ करणारं द्रव्य टेकवा. डेकल सुरकुतेल, घाबरू नका आणि मुख्य म्हणजे हात लावू नका; वाळताना ते आपणहून ताणून खाचांत बसतं.

वॉश काळा नको. फिकट कवचावर काळ्या रेघा म्हणजे जाळीचं चित्र होतं. तयार वॉश काळा असेल तर त्याऐवजी गडद करडा किंवा करडा-तपकिरी घ्या. एक नंबरच्या ब्रशचं टोक खाचेला एका जागी टेकवा, वॉश आपोआप सेंटिमीटरभर धावतो. पुढच्या चौकात पुन्हा टेकवा. पंधरा-वीस मिनिटांनी इअरबड एनॅमल थिनरमध्ये बुडवून टिश्यूवर जवळजवळ कोरडा करा आणि खाचेला आडवा पुसा. खाचेच्या दिशेने पुसलात तर भरलेलाही निघून येतो.

मॅट वॉर्निश ब्रशने लावताना बाटली नीट हलवा आणि खोलगट जागी तळं साचू देऊ नका. साचलेलं मॅट वाळल्यावर पांढरं धुकं धरतं, विशेषतः इंजिनांभोवतीच्या यंत्रभागांत. साचलेलं दिसलं की लगेच कोरड्या ब्रशने शोषून घ्या.

---

मापात_माप

मळवण्याबद्दल दोन शब्द, कारण विमानांच्या आणि रणगाड्यांच्या किटवर शिकलेल्या सवयी इथे आडव्या येतात.

स्पंजने चंदेरी टवके पाडायची पद्धत १/७२ च्या लढाऊ यानाला शोभते. तिथे अर्ध्या मिलिमीटरचा टवका म्हणजे साडेतीन सेंटिमीटरची खरचट. तोच टवका तुमच्या यानावर अर्ध्या मीटरचा होतो, जणू कवचाला भगदाड पडलंय. तसंच उभे ओघळ. ओघळाला पाऊस आणि वजन लागतं. जे जहाज कधी वातावरणात उतरतच नाही, त्याच्या कवचावर वरून खाली गंजाचे ओघळ कशाने येणार? मळवायचंच असेल तर कारण शोधून मळवा: इंजिनांच्या नळकांड्यांमागे काजळी, दिशा बदलणाऱ्या छोट्या झोतांच्या तोंडापुढे पंख्यासारखा पसरलेला करडेपणा, गोदीच्या दारांच्या कडांना घासल्याची झिलई. काजळीला मऊ पेस्टल खडू पॉलिश पेपरवर घासून त्याची पूड करा आणि मॅट वॉर्निशवर कोरड्या मऊ ब्रशने चोळा. मॅटच हवं, तकतकीतवर पूड टिकत नाही. एका वेळी थोडीच घ्या. वॉर्निशचा हात वरून आला तर मात्र अर्धी नाहीशी होते. हवी तेवढी झाल्यावर वर काही न लावता तशीच सोडली तरी चालते, फक्त मग यान काडीनेच उचलायचं.

कोरडा ब्रश (म्हणजे जवळजवळ सगळा रंग पुसून घेतलेला) मोठ्या सपाट कवचावर फिरवू नका, खडूसारखे चट्टे येतात. यंत्रभागांच्या गर्दीत मात्र तो हवाच. तिथे आधी मध्यम करडा, त्यावर गडद वॉश, आणि वाळल्यावर फिकट करड्याचा जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून. इतक्या लहान मापात ते भाग एकेक रंगवण्यात अर्थ नाही, या तीन पायऱ्यांत ते स्वतःच वेगवेगळे दिसू लागतात.

---

खिडकीतला_दिवा

हे सगळं छापून टेबलावर लावणार आहे. शेवटचा प्रश्न: इंजिनांचा निळा उजेड दिवे न बसवता ब्रशने दाखवता येतो का? नळकांड्याचा व्यास सुमारे ६ मिलिमीटर आहे.

---

दोन_नंबर

येतो, आणि ६ मिलिमीटर म्हणजे ऐसपैस जागा आहे.

आतली तबकडी सुटी निघत असेल तर सुटीच रंगवा. आधी पूर्ण पांढरी, इथे मात्र शुद्ध पांढरा, तीन पातळ हात आणि अगदी गुळगुळीत. मग निळ्याचा एक थेंब, ग्लेझ मीडियमचे चार आणि पाण्याचा एक. ब्रश टिश्यूवर टेकवून घ्या, तबकडीवर ओल दिसावी पण थेंब साचू नये. मधला २ मिलिमीटरचा गोल सोडा आणि ब्रश त्या गोलाच्या कडेपासून बाहेरच्या कडेकडे ओढा. ही दिशा उलटी करू नका: ब्रश जिथे उचलला जातो तिथे रंग जास्त उतरतो, आणि आपल्याला गडदपणा कडेला हवाय. पूर्ण वाळू द्या, दहा मिनिटं. दुसरा हात थोडा बाहेरून सुरू करा, तिसरा त्याहून बाहेरून. चौथ्या हाताला निळ्यात काळसर निळ्याचा अंश टाकून फक्त कडेचा अर्धा मिलिमीटर. मध्यभाग शेवटपर्यंत कोरा पांढरा राहिला पाहिजे. उजेड तिथूनच येतोय असं वाटतं.

नळकांड्याच्या आतल्या भिंतीला आधी गडद धातूचा रंग. मग तबकडीजवळच्या अर्ध्या भागावर तोच पातळ निळा एकदाच फिरवा, बाहेरच्या ओठाकडे येता येता विरत जाऊ द्या. ओठ गडदच ठेवा. ओठावर निळा आला की उजेड संपतो आणि नुसता निळा रंगवलेला पाइप उरतो.

तबकडीवर शेवटी तकतकीत वॉर्निशचा एक हात द्या आणि यानाला मॅट मारून झाल्यावरच ती आत बसवा.